‘लोक ऐकत नाहीत’ असं अहवालात लिहिण्याआधी

साथ सुरू झाली की दोन-तीन आठवड्यांत रोजच्या अहवालात एक वाक्य हमखास उगवतं: ‘सदर वस्तीतील नागरिक सहकार्य करत नाहीत.’ नव्या स्वयंसेवकांचं प्रशिक्षण माझ्याकडे असतं आणि हे वाक्य मी कुणालाही लिहू देत नाही. ते खोटं असतं म्हणून नव्हे. दारं खरंच बंद होतात, नावं खरंच लपवली जातात, कधी दगडही येतात. पण त्या वाक्यातून वरच्या माणसाच्या हाती काहीच लागत नाही, फार तर पोलिस पाठवायला निमित्त मिळतं. कोण ऐकत नाही, नेमकं काय ऐकत नाही आणि ऐकलं तर त्याचं काय जातं, हे शोधून काढणं हेच तर आपलं काम. ते कसं करायचं ते सांगते. आजार कोणताही असो, देश कोणताही असो, पद्धत फारशी बदलत नाही.

आधी खर्चाचा कागद

वस्तीत पाय ठेवण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे आपण लोकांना जे जे करायला सांगणार आहोत ते एकेका ओळीत लिहा. घरी राहा. अंतर ठेवा. हात धुवा. ताप आला तर कळवा. कोणाकोणाला भेटलात त्यांची नावं द्या. उजवीकडे, ही सूचना पाळली तर त्या घराचं काय जाईल ते लिहा. पैशात, वेळेत आणि अब्रूत.

‘घरी राहा’ या ओळीसमोर पगारी रजा असलेल्या माणसाचा खर्च जवळपास शून्य. रोजंदारीवाल्याची आजची मजुरी जाते आणि चार दिवस दिसला नाही तर कामही जातं. ‘हात धुवा’ ही ओळ फुकटची वाटते. पण पाणी रांगेत उभं राहून आणायचं असेल तर प्रत्येक हात धुणं म्हणजे स्वयंपाकाच्या पाण्याला कात्री. ‘अंतर ठेवा’समोर कधी कधी लिहायलाच काही सापडत नाही, कारण ती सूचना पाळणं त्या माणसाच्या हातातच नसतं. सिंगापूरने २०२० मध्ये साथ शिस्तीने हाताळली म्हणून सुरुवातीला जगभर कौतुक झालं. मग संसर्ग स्थलांतरित कामगारांच्या वसतिगृहांत शिरला. तिथे एकेका खोलीत बारा, सोळा, वीस माणसं झोपत होती. त्या वर्षाच्या शेवटी सरकारनेच जाहीर केलं की वसतिगृहांतल्या जवळपास निम्म्या, म्हणजे ४७ टक्के, कामगारांना लागण होऊन गेली होती. शहर तेच आणि सूचनाही तीच. बंक बेडवर झोपणाऱ्याने अंतर कुठून आणायचं?

सगळ्यात महाग ओळ असते ती ‘ताप आला तर कळवा’. प्रशिक्षणात मुलांना हे पटायला वेळ लागतो, कारण कळवायला पैसे लागत नाहीत. पण चार घरची कामं करणाऱ्या बाईचं उदाहरण घ्या. एका घरी कळलं की चारही दारं बंद होतात. त्यात तिची वस्ती आधीपासून ‘तसली’ म्हणून बदनाम असेल तर तिच्या एकटीवर भागत नाही, गल्लीतल्या सगळ्या बायकांची कामं धोक्यात येतात आणि दोष हिच्यावर येतो. मग ती गोळी घेऊन ताप उतरवते आणि कामावर जाते. तिला रोगाची माहिती नाही असं समजून तिच्या हातात आणखी एक पत्रक ठेवण्यात अर्थ नाही. तिने हिशेब मांडलेला आहे आणि तो आपल्या हिशेबापेक्षा पक्का आहे.

म्हणून कागद भरून झाला की उजवीकडच्या महाग ओळींवर खूण करा आणि प्रत्येक ओळीचा खर्च कोण भरणार ते ठरवा. जिथे भरणारा सापडत नाही ती सूचना देऊ नका, निदान तिच्यावरून कुणाला रागावू तरी नका.

इंग्लंडमधल्या ईम गावाची गोष्ट या बाबतीत नेहमी अर्धीच सांगितली जाते. १६६५-६६ च्या प्लेगमध्ये शेजारच्या गावांत रोग जाऊ नये म्हणून गावकऱ्यांनी स्वतःला कोंडून घेतलं. त्यागाची गोष्ट म्हणून ती ठीकच आहे. पण गावाच्या हद्दीवर बाहेरचे लोक धान्य आणि सामान ठेवून जात, पैसे व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलेले असत आणि जवळच राहणारा बडा सरदार, अर्ल ऑफ डेव्हनशर, रसद पुरवत होता. रसद नसती तर त्या निर्धाराचं काय झालं असतं, याचा अंदाज लायबेरियात येतो. तिथे ऑगस्ट २०१४ मध्ये इबोलासाठी मनरोव्हियातली वेस्ट पॉइंट ही दाटीवाटीची गरीब वस्ती रातोरात सैनिक आणि काटेरी तारा लावून बंद केली गेली. खाण्यापिण्याचं आधी काहीच ठरलेलं नव्हतं. लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला आणि एक किशोरवयीन मुलगा जिवाला मुकला. दहा दिवसांत वेढा उठवावा लागला. मी प्रशिक्षणात क्रम पाठच करून घेते: आधी पोती, मग दोरी.

यांना आधी काय अनुभव आलाय?

अफवा ऐकली की आपल्याला लगेच ती खोडून काढायची घाई होते. थांबा. अफवेला मूळ असतं आणि ते बहुतेक वेळा खऱ्या घटनेत असतं.

उत्तर नायजेरियात २००३ मध्ये कानो आणि आसपासच्या राज्यांनी पोलिओची लस थांबवली. लसीने वंध्यत्व येतं, हा मुसलमानांविरुद्ध पाश्चात्त्यांचा कट आहे, अशी बोलवा होती. बाहेरून बघणाऱ्याला हा निव्वळ अडाणीपणा वाटला. पण त्याच कानोत १९९६ च्या मेंदूज्वराच्या साथीत एका बड्या परदेशी औषध कंपनीने नवं औषध मुलांवर वापरून पाहिलं होतं. आम्हाला नीट सांगितलं नाही, अशी पालकांची तक्रार होती आणि प्रकरण कोर्टात चाललेलं होतं. म्हणजे अफवेतला तपशील चुकीचा होता, पण भीती हवेतून आलेली नव्हती. बहिष्कार अखेर २००४ मध्ये उठला तो लशीची नव्याने तपासणी झाल्यावर आणि इंडोनेशियातून, म्हणजे मुस्लिमबहुल देशातून, लस आणल्यावर. तोवर विषाणू नायजेरियातून अनेक देशांत पोचला होता.

अशी उदाहरणं हवी तितकी आहेत. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा अभ्यास केला. त्यांतले ३९९ जण आजारी होते आणि पेनिसिलिन सहज मिळायला लागल्यावरही त्यांना ते दिलं नाही. २०११ मध्ये पाकिस्तानात अबोटाबादला ओसामा बिन लादेनच्या शोधासाठी सीआयएने हिपॅटायटिस-बीच्या लसीकरणाचं नाटक केलं, आणि त्याची किंमत पुढे पोलिओच्या दोन थेंबांसाठी दारोदार फिरणाऱ्या बायकांनी मोजली. १८३२ मध्ये लिव्हरपूलमध्ये कॉलराच्या वेळी जमाव डॉक्टरांवर धावून गेला, कारण डॉक्टर माणसांना शवविच्छेदनासाठी मारतात अशी समजूत होती. त्याआधी चारच वर्षं एडिंबरात दोघांनी खरोखर माणसं मारून शरीरशास्त्राच्या वर्गाला प्रेतं विकली होती. आणि विच्छेदनाच्या टेबलावर पोचणारं प्रेत कधी श्रीमंताचं नसायचं.

वस्तीत गेल्यावर वयाने सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा: ‘आमच्यासारखे कोणी याआधी आले होते का? तेव्हा काय झालं होतं?’ आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं शिकवायला सगळ्यात अवघड. मुलं दोन मिनिटांत ‘पण काका, या वेळी तसं होणार नाही’ म्हणून मोकळी होतात. या वेळी तसं होणार नाही हे तुम्ही कोणाच्या भरवशावर सांगता? जे खरं घडलं ते कबूल करा, ‘हो, ते चुकीचंच होतं’ म्हणा, आणि तुमच्या हातात आहे तेवढंच वचन द्या. ‘तपासणीला नेलेल्या माणसाचा फोन रोज संध्याकाळी लागेल’ हे छोटं वचन पाळता येतं. ‘काही होणार नाही’ हे पाळता येत नाही.

काळजीचा झेंडा होतो तेव्हा

एखादा उपाय कधी कधी एका गटाची खूण बनून जातो. कोविडमध्ये अमेरिकेत तोंडावरच्या मास्कवरून माणूस कोणत्या पक्षाचा ते ओळखायला लागले. इथवर प्रकरण आलं की मास्क घालणं म्हणजे रोग टाळणं राहत नाही, ते समोरच्या गटात जाऊन बसणं होतं. अशा वेळी चारचौघांत आकडेवारी मांडून वाद घालू नका. चारचौघांत माणूस आपल्या माणसांसमोर बोलत असतो, तुमच्याशी नाही, आणि तिथे मत बदलणं म्हणजे शरण जाणं. एकट्याला गाठा. त्याच गटातल्या, लस घेतलेल्या किंवा मास्क वापरणाऱ्या माणसाला बोलू द्या, आणि तो गट सोडून गेलेला नसावा याची खात्री करा. फुटून बाहेर पडलेला माणूस आपल्याला फार आवडतो, पण त्यांच्यात त्याचा उपयोग शून्य.

आणखी एक वाक्य जिभेवरून काढून टाका: ‘तुमच्यातले फारच कमी लोक लस घेताहेत.’ आपल्याला वाटतं यातून लाज वाटून ते पुढे येतील. त्यांना मात्र इतकंच ऐकू येतं की आपल्यात लस घेत नाहीत.

गटाच्या पुढाऱ्याला गाठलं की काम झालं, हाही भ्रमच. समोर बसलेले पाच-सहा ज्येष्ठ पुरुष ‘आम्ही सांगतो सगळ्यांना’ म्हणतात तेव्हा मी मनात विचारते, इथे कोण बसलेलं नाही? सुना नाहीत, भाड्याने राहणारे नाहीत, गटातल्या गटात ज्यांना खालचं समजतात ते नाहीत. विषमता दोन गटांच्या मधे असते तशी एकाच गटाच्या पोटातही असते, आणि रोग सापडतो तो बहुतेक वेळा बैठकीत न आलेल्यांच्या घरात. त्यांना वेगळं भेटा, वेगळ्या वेळी.

गिनीमध्ये वोमे गावात सप्टेंबर २०१४ मध्ये इबोलाची माहिती द्यायला गेलेल्या पथकातल्या आठ जणांची हत्या झाली. त्यात अधिकारी, आरोग्य कर्मचारी आणि पत्रकार होते. या घटनेतून ‘तिथले लोक हिंसक’ असा धडा काढणारे मी पाहिलेत. पण त्या वनप्रदेशातल्या लोकांचं सरकारशी वैर इबोलाच्या कितीतरी आधीचं होतं, आणि साथीचा निरोप घेऊन आला तो त्याच सरकारचा ताफा. निरोप देणारा कोण, हे निरोपाइतकंच महत्त्वाचं. शंका असेल तिथे ताफा नेऊच नका.

त्याच साथीने अंत्यविधीबद्दल जे शिकवलं ते मात्र सगळीकडे वापरावं. सुरुवातीला प्रेत प्लास्टिकच्या पिशवीत घालून, घरच्यांना लांब ठेवून, झटपट पुरलं जाई. परिणामी लोक मृत्यू लपवून रात्री स्वतःच पुरायला लागले, आणि रोग पसरला. नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘सुरक्षित आणि सन्मानपूर्वक’ दफनाची नवी पद्धत आणली. त्यात घरच्यांना आणि धर्मगुरूंना सामील करून घेतलं, प्रार्थनेला जागा ठेवली. तुमच्याकडे आजार कोणताही असला तरी अंत्यविधीचं आधीच विचारून ठेवा: यात कोणती गोष्ट सोडताच येणार नाही? लोक दहा गोष्टी सोडायला तयार होतात, एक सोडत नाहीत. ती एक सुरक्षितपणे कशी करता येईल एवढंच आपण बघायचं.

आकडे कोणते सांगायचे, कोणते नाही

इथे चांगली माणसंही गोंधळतात. गटवार आकडे काढले तर भेदभाव होतो म्हणून काढूच नयेत, असं एक मत आहे. मला ते पटत नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात मुंबईत युरोपियनांमध्ये हजारामागे साधारण ८ माणसं गेली आणि ज्यांना खालच्या जाती म्हणत त्यांच्यात हजारामागे ६१. हे आकडे कोणी वेगळे काढलेच नसते तर साथीने सगळ्यांना सारखंच गाठलं असं आपण आजही म्हणत राहिलो असतो.

पण दुसऱ्या प्रकारचे आकडेही असतात: ‘रोग कोणामुळे आला’ याचे. १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत प्लेगचा संशय आला तेव्हा चायनाटाउनभोवती दोर बांधले गेले, आणि ते असे वळवले की त्याच पट्ट्यातल्या गोऱ्यांच्या इमारती वेढ्याबाहेर राहाव्यात. उंदीर-पिसवांना हा फरक कळत नव्हता. शेवटी न्यायालयाने तो वेढा बेकायदा ठरवला. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने एड्सच्या जोखमीच्या यादीत ‘हैतीचे लोक’ असा अख्खा देशच घातला. १९८५ मध्ये तो काढला, पण तोवर हैतीच्या माणसांच्या नोकऱ्या आणि घरं गेली होती. चौदाव्या शतकातल्या काळ्या मृत्यूच्या, म्हणजे युरोपातल्या प्लेगच्या वेळी, ज्यूंनी विहिरींत विष टाकलं असा आळ घेऊन त्यांना जाळण्यात आलं. ज्यूही प्लेगने मरताहेत, हे साधं निरीक्षण पोप सहावा क्लेमंट यांनी १३४८ मध्ये लेखी मांडलं, तरी फेब्रुवारी १३४९ मध्ये स्ट्रासबर्गमध्ये शेकडो माणसं जाळलीच.

माझा नियम असा: कोण जास्त मरतंय, कोणाला खाट मिळत नाही, कोणाच्या वस्तीत तपासणी केंद्रच नाही, हे गटवार सांगा आणि ठणकावून सांगा. कोणी आणला, कोणी पसरवला, हे गटाच्या नावाने कधीच सांगू नका. त्याऐवजी जागा आणि प्रसंग सांगा: बंद हॉल, गर्दी, खिडक्या नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच आजारांना प्रदेशाची किंवा लोकांची नावं देऊ नयेत असं सांगून ठेवलंय. तेच शिस्तीने रोजच्या बोलण्यात आणायचं.

दारातलं बोलणं

एका नव्या मुलीबरोबर मी एका दारात उभी होते. साखळी न काढता दार चार बोटं उघडलं. आतून खोकल्याचा आवाज स्पष्ट येत होता. मुलीने फॉर्म पुढे धरून विचारलं, ‘घरात कोणाला ताप, खोकला?’ ‘नाही.’ तिने ‘नाही’वर खूण केली आणि पुढच्या दाराकडे वळली.

मी थांबले. म्हटलं, ‘ताई, समजा उद्या घरात कोणाला ताप आला, तर तुम्हाला सगळ्यात आधी कशाची काळजी वाटेल?’ तिने माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या जिन्याकडे पाहिलं. ‘गाडी दारात नको,’ ती म्हणाली. ‘घरमालक खालीच राहतो.’

एवढंच होतं. रोगाबद्दल तिला काही शंका नव्हती. रुग्णवाहिका दारात लागली की खोली खाली करावी लागणार होती. आम्ही ठरवलं की गाडी रस्त्याच्या टोकाला थांबेल, माणूस साध्या कपड्यांत चालत येईल, दरवाजावर काही चिकटवणार नाही. संध्याकाळी त्याच घरातून माणूस तपासणीला आला.

तेव्हापासून फॉर्मवरचा लक्षणांचा प्रश्न आम्ही खाली नेला आणि ‘समजा’वाला प्रश्न वर घेतला. नाव अगदी शेवटी. दक्षिण कोरियात मे २०२० मध्ये सोलच्या इतेवॉन भागातल्या क्लबांतून संसर्ग पसरला. त्यांतले काही क्लब समलैंगिक पुरुषांचे आहेत असं माध्यमांनी छापलं आणि तिथे गेलेली माणसं फोन उचलेनाशी झाली. पत्ता लागला तर नोकरीवर, घरी, सगळीकडे उघडं पडणार होतं. मग सोल शहराने नाव न विचारता, फक्त फोन नंबरवर तपासणी सुरू केली आणि तपासणीला येणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. नावाशिवाय काम भागत असेल तर नाव मागू नका. फॉर्मवर रकाना आहे म्हणून भरायचा, ही सवय जाता जात नाही.

नियम वरच्या मजल्यालाही

हे थोडक्यात, कारण यात माझ्या हातात फारसं नसतं. १६६५ च्या प्लेगमध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स दरबारासकट लंडन सोडून गेला, आणि ज्यांना जाणं शक्य नव्हतं त्यांच्या दारांवर लाल फुली मारून बाहेर पहारे बसवले. आजही गर्दी मोजायला पथक झोपडपट्टीत जातं, बंगल्यातल्या लग्नाला जात नाही. लोक हे बघतात आणि लक्षात ठेवतात. निदान आपल्या पथकाच्या आठवड्याच्या वेळापत्रकात सगळ्या प्रकारच्या वस्त्या ठेवा, आणि बंगल्यात दार उघडलं नाही तर तेही त्याच फॉर्मवर, त्याच शब्दांत नोंदवा.

याद्यांचं काय करायचं

साथ ओसरली की पथकं घाईने पांगतात आणि नावांच्या याद्या कुणाच्या तरी फोनमध्ये, कुणाच्या तरी कपाटात पडून राहतात. त्यात पत्ते असतात, कोण कोणाला भेटलं ते असतं. म्हणून काम सुरू करतानाच तीन गोष्टी लेखी ठरवून वस्तीत वाचून दाखवा: यादी कोणाजवळ राहील, पोलिस किंवा घरमालकाने मागितली तर काय उत्तर द्यायचं, आणि ती कधी नष्ट होईल. ठरलेल्या तारखेला वस्तीतल्या दोघा-तिघांना बोलावून त्यांच्यासमोर कागद फाडा, फोनमधल्या फायली पुसा, आणि ग्रुपवर पाठवलेले फोटो पुसायला विसरू नका. याद्या बहुतेक तिथूनच गळतात.